पुढल्या वर्षी अबोली

सारसोळ्यात भर श्रावणात घराला रंग काढणारा माणूस एकच होता, आणि नशिबाने मी त्याचीच भाडेकरू होते.

शहाणी माणसं मे महिन्यात रंग काढतात, नाहीतर दिवाळीच्या तोंडावर. हा गृहस्थ आषाढ सरत आला की बांबू बांधायचा, त्यांवर ताडपत्री टाकून सबंध घर झाकून घ्यायचा आणि बाहेर आभाळ फाटलेलं असताना आत ब्रश घेऊन उभा राहायचा. मी खोली बघायला गेले ती नेमकी त्याच दिवसांत. घर दिसेचना. ताडपत्रीतून निळ्या रंगाने माखलेला एक हात बाहेर आला आणि आवाज आला, "जिना मागच्या अंगाला हाय, बाय. भिंतीला हात लावू नको, वली हाय." भाडं किती, पाणी कधी येतं, यातलं त्याने काहीच सांगितलं नाही. खोली बघून खाली आले तेव्हा त्याने एकच विचारलं, "तुजा कपाट कवरा हाय?"

सामान आल्यावर त्या प्रश्नाचा अर्थ कळला. कपाट भिंतीला लागेचना. वर टेकलं की खाली हातभर फट, खाली टेकवलं की वर. भिंतींना पोट होतं. दगडी जोत्यावर लाकडी सांगाडा आणि त्याला ठोकलेल्या सागवानी फळ्या, त्याही सगळ्या किंचित बाक असलेल्या. मी तक्रार घेऊन खाली गेले तर तो म्हणाला, "होरीच्या फल्या त्या. सरल कशा असतील?"

त्याला सगळा गाव नाखवा म्हणायचा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. मी राहायला गेले तेव्हा त्याच्याकडे होडी नव्हती. खाडीतली मासळी कमी झाली, गुडघे गेले, तशी ती त्याने विकून टाकली होती. पण त्याच्या बापाची जी मोठी होडी होती, बाहेरच्या दर्यात जाणारी, ती जुनी झाल्यावर बापाने ती ना विकली, ना किनाऱ्यावर सडू दिली. तिच्या फळ्या काढल्या आणि हे घर उभं केलं. माझ्या खिडकीखालच्या फळीवर होडीच्या नंबरातले अर्धे आकडे अजून चाचपता यायचे. आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या एव्हाना चार-चार मजली इमारती झाल्या होत्या, खाली दुकान, वर भाडेकरू, पुढे लाद्या. त्यांच्या मधे हे एक वाकड्या फळ्यांचं घर. येणाराजाणारा थांबून बघायचा आणि नाखव्याला ते बिलकूल आवडायचं नाही.

"काय बगतंय?" तो ओट्यावरून विचारायचा. "घर नाय बगितला कदी?"

फळ्या जमिनीवर आल्या हे नाखव्याच्या बापाने मान्य केलं असेल, नाखव्याने केलं नव्हतं. घराच्या दर्शनी बाजूला तो नाळ म्हणायचा, म्हणजे होडीचं पुढचं टोक. तिथे कोणी पाय लावून बसलेलं त्याला चालायचं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी तो बोटाच्या पेरांनी फळ्या वाजवत घराभोवती एक फेरी मारायचा. रविवारी जरा उशिरा उठावं म्हटलं तर माझ्या उशाशी टकटक. मी खिडकी उघडून म्हणायचे, "नाखवा, अहो आज सुट्टी आहे!" तो म्हणायचा, "लाकराला सुट्टी नसते." एखादी फळी पोकळ वाजली की तिच्यावर खडूची फुली. श्रावणापर्यंत अशा बऱ्याच फुल्या जमलेल्या असत.

मग काम सुरू. कुजलेला तुकडा कापून काढायचा, त्या जागी जुन्या लाकडाचाच तुकडा बसवायचा. जुना फुगलेला रंग पत्र्याने खरवडायचा. फटींत कापूस ठोकायचा, वरून राळ भरायची, जशी होडीला भरतात तशी. त्यानंतर सगळ्या लाकडाला तेल. "तानेला हाय बग कसा," तो म्हणायचा, आणि खरंच फळी तेल बघता बघता पिऊन टाकायची. वासाने मला दोन दिवस जेवण जायचं नाही. आणि मग रंग. अंग निळं, वरच्या बाजूला वीतभर तांबडा पट्टा आणि पट्ट्याच्या मधोमध बोटभर रुंदीची पिवळी रेघ. ती रेघ तो शेवटच्या दिवशी काढायचा, श्वास रोखून.

हे सगळं नारळी पौर्णिमेच्या आत व्हायलाच हवं. का, तर होडीला रंग पौर्णिमेच्या आत लागतो. मी मिरजेची. आमच्याकडे विहिरीच्या पलीकडे पाण्याशी कोणाचा संबंध नाही. मी त्याला सांगून पाहिलं की ओल्या लाकडावर लावलेला रंग दसऱ्यापर्यंत फोड धरतो, आणि दर वर्षी तो धरतोच आहे, हे दिसतंय ना तुम्हाला.

"धरू दे. टिकला तर फुडल्या वर्षी काय करू? बसून राहू?"

यावर काय बोलणार, कपाळ!

नाखवीण बोलायची. ती नेरुळच्या बाजारात मासळी विकायची आणि तिचा आवाज बाजाराला पुरेल असा होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिला घराला अबोली रंग हवा होता. अबोलीची वेणी तिच्या केसांत बारा महिने असायची; फुलं मिळाली नाहीत तर ती वाळलेलीच वेणी माळायची. दर श्रावणात नाखवा डबे उघडायला बसला की ती दारात येऊन उभी राहायची आणि भांडण सुरू व्हायचं.

"परत निला?"

"मंग काय?"

"घर काय होरी हाय?"

"मंग काय हाय?"

"घर हाय, घर! बाईमानसाच्या घराला अबोली शोभतो. तुना किती वर्सा सांगतंय."

"होरीचा रंग बदलत नाय," नाखवा म्हणायचा आणि ब्रश बुडवायचा. ती तोंडाचा पट्टा सोडायची, तो ऐकून घ्यायचा, आणि भिंत निळी होत जायची. मी अर्थातच नाखविणीच्या बाजूने. वरच्या खिडकीतून मी म्हणायचे, "मावशी, आपण दोघी मोर्चा काढू." ती हसायची. एकदा मात्र तिने मला बसवून रंगाची गोष्ट सांगितली. होड्या परत यायच्या वेळेला बायका किनाऱ्यावर उभ्या राहायच्या. इतक्या लांबून माणूस दिसत नाही, शीड सगळ्यांचं सारखंच. दिसतो तो रंग. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. "आपला रंग दिसला का जीव भांड्यान परतो, बाय. निल्यावर तांबरा, तांबऱ्यावर पिवला. मंग मी बोलायची, आली गो आली, आन् चूल पेटवायला घरा पलायची." मग म्हणाली, "पन घर काय दर्यान जातं? घराला कशाला पायजे तो रंग?"

तिसऱ्या पावसाळ्यानंतर नाखविणीचं विसरणं सुरू झालं. आधी तिला मासळीचे भाव सांगता येईनात. मग ती बाजारात पाटी ठेवून रिकामीच घरी यायला लागली. मला ती तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं की हे उलटं फिरणारं नाही, ओळखीच्या जागेत ठेवा, सवयी मोडू नका. तिची एक सवय मात्र नव्याने सुरू झाली होती, किंवा फार जुनी परत आली होती. भरतीच्या वेळेला ती जेट्टीवर जायची. होडी यायची वेळ झाली म्हणायची.

जेट्टी पामबीच रोडच्या पलीकडे. गाड्या तिथे डोळ्याला नीट दिसू नयेत अशा वेगाने जातात. जेट्टीवरच्या मुलांनी तिला हात धरून रस्ता ओलांडून द्यायचं आपणहून अंगावर घेतलं होतं. येतानाही मुलंच तिला गावाच्या तोंडाशी आणून सोडायची. तिथून पुढे ती एकटी यायची. मी ते खिडकीतून पुष्कळदा बघितलं आहे. गल्ल्या सगळ्या बदललेल्या, तिच्या तरुणपणातलं एकही घर उभं नाही. ती क्रीम रंगाच्या इमारतींमधून इकडेतिकडे बघत, बावरलेली अशी यायची. मग कोपऱ्यावर वळायची आणि तिला समोर निळ्यावर तांबडा पट्टा दिसायचा. तिथे ती थांबायची. चेहरा मोकळा व्हायचा. "आली गो, आली," असं स्वतःशी म्हणायची आणि तरातरा चालत घरात यायची.

त्यांचा एकुलता मुलगा उलव्याला टॉवरमध्ये राहायचा. चांगला मुलगा, दर रविवारी यायचा. पण आईचं ऐकून त्याचा धीर सुटला होता.

"बाबा, कुलूप लावा ना दाराला. ऑफिसात फोन वाजला की टेन्शन येतं मला. आईला काही झालं तर?"

"खुंटीला बांधायला ती काय शेली हाय?" नाखवा म्हणाला. "ती जाते आन् येते."

"आज येते. एकदा जरी वाट चुकली ना, तर मी दोघांना घेऊन जाणार. मग मी ऐकणार नाही तुमचं."

नाखव्याने मान हलवली. चौदाव्या मजल्यावर नाखवीण काय करेल, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. तिथे तिला भरती कुठून कळणार? ती खिडकीशी बसून राहील आणि लवकर जाईल. नाखवा हे तोंडाने बोलला नाही, पण त्या दिवसापासून ती बाहेर पडली की तो ओट्यावरून हलत नसे. ती कोपऱ्यावर दिसली की मग उठायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात फळ्या वाजवायला लागायचा.

पुढचा श्रावण लागायच्या सुमाराची गोष्ट. दुपारची वेळ होती. नाखवीण सुकट निवडत बसली होती, मी तिच्याजवळ, आणि नाखवा दारात ब्रश घासलेटमध्ये बुडवून मऊ करत होता. तिचं डोकं अगदी स्वच्छ असायचं, असे काही तास तेव्हा अजून यायचे. हात न थांबवता ती म्हणाली, "मी इसरत चाललंय, मना कलतं."

सुकटातला एक खडा तिने बाजूला टाकला.

"एक दिस मी इसरून जाईन, मना अबोली पायजे होता ता. त्याच्या आदी लाव."

तिचा आवाज भांडणाचा नव्हता. तसा असता तर नाखव्याने ब्रश बुडवला असता. त्याने ब्रश खाली ठेवला, छत्री घेतली आणि मला म्हणाला, "चल बाय. तुना रंगातला कलतं."

मला रंगातलं काही कळत नाही, तरी मी गेले. दुकानदाराने शेडकार्ड पुढे टाकलं. गुलाबी, केशरी, पीच, काय काय. नाखव्याने शर्टाच्या खिशातून नाखविणीच्या वेणीतलं एक फूल काढून काउंटरवर ठेवलं. "यो," तो म्हणाला. दुकानदाराने दोन डब्यांतलं एकत्र घोटून रंग जुळवला तेव्हाच तो तिथून हलला.

त्या वर्षी घराला जे काम झालं ते आधी कधी झालं नव्हतं. वर्षानुवर्षं निळ्यावर निळा चढला होता. नाखव्याने सगळा खाली उतरवला, पार लाकडापर्यंत. जोत्याजवळच्या फळ्या मुलाने सुतार आणून बदलून दिल्या. मुलगाही खूश होता. बाबा पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकतायत, म्हणाला. मीही नाखव्याला म्हटलं, "शेवटी मावशी जिंकली." तेल दोनदा पाजलं. अबोलीचे तीन हात दिले. ताडपत्री काढली त्या दिवशी नाखवीण घरासमोर खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसली. नवी वेणी माळून बसली होती. येईल त्याला सांगत होती, "माज्या मालकाने माज्यासाठी लावला." मालक पाठ फिरवून डबे धूत होता. मला तेव्हा वाटलं होतं की या दोघांचं आयुष्य सुफळ झालं. आम्हां सगळ्यांनाच वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते सवयी मोडू नका, आणि त्या घराच्या रंगाकडे सवय म्हणून आमच्यातल्या एकानेही बघितलं नाही.

दहीहंडीची सुट्टी होती. सकाळपासून लाउडस्पीकर. घर ताडपत्रीखाली गेल्यापासून जेट्टीवरची मुलं नाखवीणला थेट दारापर्यंत आणून सोडत होती; त्या दिवशी ती भरतीच्या वेळेला गेली, ती दुपार झाली तरी आली नाही. नाखवा ओट्यावर उभा. मी खाली आले तेव्हा शेजारची बाई सांगत होती, "मावशी आल्या होत्या ना. हितून दोनदा-तीनदा गेल्या. मी इचारलं काय शोदता, तर बोलल्या, आमचा घर कंय? मी बोलले, ह्या काय समोर. तर बघितला आन् पुढं गेल्या. मना वाटलं मस्करी करतात."

नाखव्याने एकदा आपल्या घराकडे बघितलं. त्याला त्या क्षणी सगळं कळलं असणार, कारण तो गावात शोधत बसला नाही. तो सरळ जेट्टीच्या दिशेने निघाला, त्या गुडघ्यांवर, इतका भरभर की मला गाठायला पळावं लागलं.

ती जेट्टीच्या टोकाशी बसली होती. मुलं सगळी हंडी बघायला गेलेली, म्हणजे रस्ता ती एकटीने ओलांडून आली होती. लुगडं भिजलेलं, वेणी सुटलेली. पाण्याकडे बघत रडत होती, आवाज न करता.

मी खाली बसले. "मावशी, घरी चला."

"होरी नाय आली गो," ती म्हणाली. "सगल्यांच्या आल्या. आमची नाय आली. मी गावान बगून आले, कंय रंग नाय."

"मी हाय ना," नाखवा म्हणाला. तिच्यासमोर उभा राहिला तो. "मी आलोय. बग."

तिने वर बघितलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, नुसती परक्या माणसाशी बोलतानाची अदब होती.

"नाय ओ," ती म्हणाली. "माजा मानूस दर्यान हाय."

नाखवा तसाच उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. भरती उतरायला लागली होती आणि ती तिकडेच बघत होती, म्हणून तोही मग तिच्याशेजारी बसला आणि तिकडे बघत राहिला. पुष्कळ वेळाने तिला थंडी वाजायला लागली तेव्हा ती आमच्याबरोबर उठली. पण अबोली घरात तिने पाऊल टाकलं नाही. "लोकांच्या घरान कशाला नेता मना?" म्हणाली. शेवटी शेजारच्या बाईने तिला आपल्याकडे ठेवून घेतलं.

संध्याकाळी मुलगा आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा, पामबीच रोड एकटीने ओलांडला तिने," एवढंच म्हणाला. "मी काय बोललो होतो? आता चला."

"चार दिस दे."

"चार दिवसांनी काय होणारे?"

"होरी येल," नाखवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बांबू परत बांधले गेले. मी ऑफिसात आजारी असल्याचा फोन केला. पाऊस असा की ताडपत्रीखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. फळ्या खरवडायला वेळ नव्हता. त्याने अबोलीवरून नुसता पॉलिशपेपर फिरवला आणि निळा चढवायला घेतला. रंग ओघळत होता, तो पुसत होता, परत लावत होता. मला त्याने खालचा भाग दिला होता. मी एकदा वर बघितलं तर तो भिंतीशी तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी खाली बघून माझी फळी रंगवत राहिले. तिसऱ्या दिवशी मुलगा आला, आईला न्यायची गाडी घेऊनच आला होता. ताडपत्री उचलून त्याने आत बघितलं. मग त्याने ऑफिसचा शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि तांबड्याचा डबा उचलला.

पिवळी रेघ राहिली होती. नाखव्याने ब्रश धरला. दोनदा त्याने ब्रश टेकवायला नेला आणि मागे घेतला. मुलाने तो त्याच्या हातातून अलगद घेतला. "लहानपणी मला शिकवली होतीत," म्हणाला, आणि श्वास रोखून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ काढली. थोडी वाकडी आली. नाखव्याने ती पुसायला लावली नाही.

मग आम्ही नाखविणीला जेट्टीवर नेऊन बसवलं आणि परत आणून गावाच्या तोंडाशी सोडलं, नेहमीसारखं. मुलगा आणि मी तिच्या मागे, बरंच अंतर ठेवून. ती इमारतींकडे बघत, बावरत चालली. मुलाने माझं मनगट धरलं होतं, आपण ते धरलंय हे त्याला माहीतही नसावं. ती कोपऱ्यावर वळली. थांबली.

"आली गो," ती म्हणाली. "आली."

आणि तरातरा चालत सुटली. दारात नाखवा उभा होता, कोपरापर्यंत निळा. तिने त्याला नखशिखांत बघितलं. मग भिंत बघितली. आणि तिचा तो बाजारातला आवाज आम्हाला कितीतरी दिवसांनी ऐकू आला.

"परत निला? जल्म गेला माजा मागता मागता! एकदा तरी अबोली लावलास माज्यासाठी?"

अबोलीचा रिकामा डबा तिथेच पायरीवर होता. नाखव्याने तो पायाने हळूच बाजूला सारला.

"नाय लावला," तो म्हणाला. "फुडल्या वर्षी लावतो."

"तू काय लावतंस!"

"लावतो गो. पुनवेच्या आदी."

ती बडबडत आत गेली आणि चूल पेटवायला लागली. मुलगा गाडी रिकामीच घेऊन गेला.

त्यानंतरचा एक श्रावण मी त्या घरात काढला. तेव्हाही तिने मागितलं आणि त्याने हेच उत्तर दिलं. मग माझं लग्न ठरलं आणि मी वाशीला राहायला गेले. नाखवीण पुढल्या हिवाळ्यात गेली, घरातच, तिच्या अंथरुणावर. शेवटपर्यंत ती जात होती आणि येत होती. मयताला आले तेव्हा नाखवा माझ्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

घरात मयत झालं की त्या वर्षी होडीला रंग नाही. घरालाही नव्हता. मी दोनदा जाऊन आले. निळ्याचे पापुद्रे सुटले होते, फळ्यांवर फुल्या जमल्या होत्या, पण ताडपत्री बांधली गेली नाही.

त्याच्या पुढल्या श्रावणात त्याचा फोन आला. "ये, बाय." एवढंच.

मी गेले त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. पाऊस उघडला होता. कोपऱ्यावर वळले आणि मी क्षणभर कुठे आले तेच मला कळेना. सबंध घर अबोली होतं. पट्टा नाही, रेघ नाही. मुलगा जिन्याशी डबे आवरत होता. "मी विचारलं, आता कशाला?" तो हळू आवाजात मला म्हणाला. "तर बोलले, सांगितला होता तिला."

आम्ही दोघं, मी आणि नाखवा, नारळ घेऊन जेट्टीवर गेलो. गर्दी होती, वाजंत्री होती. त्याने नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि तो किती लांब गेला ते न बघताच वळला. रस्ता ओलांडताना मी त्याचा हात धरला. गावात शिरलो तसा तो माझ्यापुढे चालायला लागला, मान खाली घालून, सवयीच्या पायांनी. कोपऱ्यावर वळला. मान वर करून समोर बघितलं, आणि चालत राहिला. घरावरून पुढे गेला. शेजारचं घर गेलं, त्यापुढचं गेलं. तो दोन्ही बाजूंना बघत होता.

"नाखवा," मी हाक मारली. "घर मागे राहिलं."

तो थांबला. वळून त्याने घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू परत आला आणि दाराजवळच्या फळीवर तळहात ठेवला. रंग अजून ओला होता.

"तिची काय चूक नव्हती, बाय," तो म्हणाला.